स्कायरिमची मॉड कलेक्शन्स आणि नेक्ससने काढलेलं डिलीट बटण

१ जुलै २०२१ ला नेक्सस मॉड्सने, म्हणजे गेमचे मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल आणि भर) जिथे वाटले जातात त्या साइटने, एक घोषणा केली आणि बेथेस्डाच्या स्कायरिम या गेमचं मॉडिंग करणारी मंडळी सरळ दोन बाजूंना उभी राहिली. घोषणा अशी होती की ५ ऑगस्टपासून साइटवर टाकलेली मॉडची फाइल लेखकाला कायमची डिलीट करता येणार नाही. ती फक्त अर्काइव्ह करता येईल, म्हणजे मॉडच्या पानावरून ती जाईल, तिथून कुणाला डाउनलोड करता येणार नाही, पण सर्व्हरवर ती राहील आणि ज्या कलेक्शनमध्ये, म्हणजे कुणीतरी जमवलेल्या मॉडच्या यादीत, ती घेतलेली आहे त्या कलेक्शनला मिळत राहील. ज्यांना हे पटत नाही त्यांना साधारण महिन्याभराची मुदत दिली, तेवढ्यात सांगितलंत तर तुमच्या सगळ्या फाइल्स खरोखर पुसून टाकू, नंतर नाही. त्या महिन्यात काही नावाजलेल्या लेखकांनी खरंच आपलं सगळं काम उचललं आणि निघून गेले.

आज कुणीही आपली निवडून, जमवून केलेली मॉड लिस्ट कलेक्शन म्हणून शेअर करतो, समोरचा ती उतरवून घेतो आणि त्याच्या पीसीवर जवळपास तोच गेम उभा राहतो, हे सगळं त्या एका निर्णयावर टेकलेलं आहे आणि वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही, म्हणून हे प्रकरण नीट लिहून काढावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. फाइल्स टिकवायचा निर्णय बरोबर होता, त्याशिवाय कलेक्शन ही गोष्ट चालूच शकली नसती. पण लेखकांच्या रागामागे जी खरी अडचण होती, की दुसऱ्याने जमवलेल्या कलेक्शनमधल्या तक्रारी त्यांच्या दारात येऊन पडतात, ती कुठल्याही नियमाने सुटलेली नाही आणि ती सोडवायचं काम कलेक्शन बनवणाऱ्याचंच आहे.

लिस्ट बनवणं म्हणजे नक्की काय काम

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की चांगले चांगले मॉड निवडले की झालं. तसं नाही. स्कायरिम आला ११ नोव्हेंबर २०११ ला, मॉड बनवायचं बेथेस्डाचं टूल क्रिएशन किट आलं फेब्रुवारी २०१२ मध्ये आणि ६४ बिटची स्पेशल एडिशन २८ ऑक्टोबर २०१६ ला. जुना गेम ३२ बिटचा होता, त्यामुळे जड टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) लावली की मेमरी संपून कोसळायचा, स्पेशल एडिशनने ती अडचण बरीचशी घालवली आणि मग लोक बिनधास्त शेकड्यांनी मॉड लावायला लागले. पूर्ण वजनाचे प्लगइन, म्हणजे मॉडमधल्या गेमचा डेटा बदलणाऱ्या फाइल्स, २५४ पर्यंत चालतात, त्याशिवाय ईएसएल म्हणजे हलके प्लगइन ४०९६ पर्यंत. म्हणजे जागा भरपूर आहे, प्रश्न जागेचा नाहीच.

प्रश्न आहे टकरीचा. गेममधली प्रत्येक गोष्ट, एखादी तलवार, एखादं पात्र (एनपीसी), व्हाइटरन शहरातल्या खानावळीची आतली खोली, हे सगळं एकेक रेकॉर्ड असतं. समजा त्या खानावळीच्या खोलीला तीन मॉड हात लावतात, एक अनऑफिशियल पॅच जो बेथेस्डाच्या चुका दुरुस्त करतो, एक लायटिंगचा मॉड आणि एक सजावट वाढवणारा. गेम या तिघांची बेरीज करत नाही. लोड ऑर्डरमध्ये, म्हणजे प्लगइन लोड होतात त्या क्रमात, जो शेवटी आहे त्याचाच अख्खा रेकॉर्ड घेतो आणि बाकीच्या दोघांचं त्या रेकॉर्डपुरतं काम गायब. सजावटवाल्याने त्याचा मॉड मूळ गेमवर बनवला असेल तर त्याच्या रेकॉर्डमध्ये मूळ गेमची लायटिंग तशीच असते, म्हणजे तो शेवटी आला की लायटिंगचा मॉड लावूनही त्या खोलीत काही फरक दिसणार नाही आणि तुम्ही मात्र लायटिंगच्या मॉडला दोष देत बसाल.

लूट नावाचं टूल ऑर्डर लावून देतं आणि ते चांगलंच आहे, पण ऑर्डर लावली म्हणजे टक्कर सुटली असं होत नाही. त्यासाठी एक्सएडिट हे रेकॉर्ड बघायचं आणि बदलायचं टूल उघडून रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून बघावे लागतात, लाल झालेलं एकेक शोधावं लागतं, ठरवावं लागतं की लायटिंग याची घ्यायची, संगीत त्याचं ठेवायचं, पॅचमधली दुरुस्ती पुढे न्यायची आणि मग आपला एक छोटा पॅच बनवून तो सगळ्यांत शेवटी ठेवायचा. हे झालं प्लगइनचं. टेक्स्चर आणि मेशची (वस्तूंच्या आकारांची) वेगळी लढाई असते, तिथे सुट्या फाइल्स बीएसए या गठ्ठा फाइलमधल्या फाइल्सवर मात करतात आणि दोन मॉडच्या सुट्या फाइल्स एकाच नावाच्या असल्या तर मॉड मॅनेजरमध्ये कुणाला वर ठेवलंय त्यावर ठरतं. त्यात बरेच मॉड इन्स्टॉल करतानाच प्रश्न विचारतात, टेक्स्चर टूके हवं की फोरके, अमुक मॉडचा पॅच हवा का, तमुक आहे का तुमच्याकडे. आणि सगळ्यात शेवटी डिनडॉलॉड (दूरची दृश्यं), बॉडीस्लाइड (शरीरं आणि कपडे), नेमेसिस (अॅनिमेशन) ही टूल्स तुमच्या यादीवरून स्वतःचं आउटपुट तयार करतात, यादी बदलली की ते आउटपुट पुन्हा काढावं लागतं.

त्यामुळे कुणी नुसती मॉडची नावं दिली तर त्यातून फार काही मिळत नाही. मेहनत असते ती रचनेत आणि शेअर करायची असते ती रचना. कुठल्या मॉडची कुठली आवृत्ती, कुठले पर्याय निवडले, कोण कुणाच्या वर, कुठले पॅच. तीनशे मॉडची नीट लावलेली लिस्ट हे स्वतःच एक काम आहे असं मला मनापासून वाटतं, पण त्यातला प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो हेही तितकंच खरं.

आधीच्या वाटा

ही रचना दुसऱ्याला द्यायची कशी हा प्रश्न स्कायरिमपेक्षा जुना आहे. मॉरोविंडच्या वेळी, म्हणजे २००२ च्या गेमसाठी, एमजीएसओ नावाचा एक मोठा पॅक आला होता, बऱ्याच लोकांचे ग्राफिक्स आणि साउंडचे मॉड एकाच इन्स्टॉलरमध्ये घालून. नवीन खेळणाऱ्यांना तो फार आवडला, एकदा चालवला की जुना गेम चकचकीत. पण आतले मॉड त्या पॅकमध्ये गोठून गेले. मूळ लेखकांनी पुढे आपल्या मॉडमध्ये सुधारणा केल्या तरी पॅकमधली प्रत जुनीच, काही बिघडलं तर कुठल्या तुकड्यामुळे बिघडलं हे सांगणं कठीण, आणि आज मॉरोविंडची जुनी मंडळी नवीन माणसाला पहिला सल्ला देतात तो हा पॅक लावू नको हाच.

नेक्ससवर लेखकाच्या परवानगीशिवाय त्याची फाइल दुसऱ्याने चढवणं पहिल्यापासूनच चालत नाही. प्रत्येक मॉडच्या पानावर परवानग्यांचा एक भाग असतो, दुसरीकडे अपलोड करू शकता का, बदलू शकता का, त्यातली मेश किंवा टेक्स्चर तुमच्या मॉडमध्ये वापरू शकता का. बहुतेक लोक तो उघडूनसुद्धा बघत नाहीत, पण कलेक्शन बनवणाऱ्याने बघायलाच हवा. तर झिप करून देणं बंद, मग राहिल्या लिखित गाइड. स्कायरिमसाठी स्टेप ही त्यातली मोठी आणि शिस्तीची गाइड, पायरी पायरीने सांगणारी, हे डाउनलोड करा, हा पर्याय निवडा, ही फाइल लपवा. त्यातून शिकायला खूप मिळतं, मी तर म्हणेन की ज्याला मॉडिंग समजून घ्यायचंय त्याने आयुष्यात एकदा तरी अशी गाइड हाताने पूर्ण करावी. पण ज्याला शनिवारी रात्री नुसतं खेळायचंय त्याच्यासाठी ते नाही.

२०१९ च्या आसपास वॅबाजॅक आलं आणि त्याने प्रश्न फार हुशारीने सोडवला. नाव गेममधल्याच शिओगोरॅथच्या त्या काठीवरून घेतलंय, जिचा परिणाम काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण टूलचं काम मात्र अगदी उलट आहे, प्रत्येकाकडे बाइट न् बाइट तेच झालं पाहिजे. वॅबाजॅकच्या लिस्टमध्ये कुणाचाही मॉड नसतो. असते ती कृती, अमुक फाइल नेक्ससवरून उतरव, तिचा हॅश (फाइलची ओळख पटवणारा आकडा) हा आहे का तपास, तिच्यातून हे तुकडे काढ, इथे ठेव. जिथे मूळ फाइल बदललेली आहे तिथे फक्त फरक साठवलेला असतो आणि तो फरक तुमच्या स्वतःच्या फाइलवर लावला जातो. बेथेस्डाच्या फाइल्सचंही तसंच. स्कायरिमच्या डॉनगार्ड या जोड-भागाची, नको ते बदल काढून साफ केलेली डॉनगार्ड डॉट ईएसएम ही फाइल कुणी तुम्हाला देऊ शकत नाही, ती बेथेस्डाची मालमत्ता, पण तुमच्याकडे विकत घेतलेली असते तिच्यावर फरक लावून साफ करता येते. कॉपीराइटही सांभाळला आणि रचनाही पोचली.

नेक्ससची कलेक्शन्स त्यांच्याच व्होर्टेक्स या मॉड मॅनेजरसोबत बऱ्याच काळापासून बनत होती आणि कल्पना तीच. कलेक्शन म्हणजे पत्त्यांची यादी. मॉडचा आयडी, फाइलचा आयडी, इन्स्टॉलरमध्ये निवडलेले पर्याय, वरखालीचे नियम, शिवाय बनवणाऱ्याचे स्वतःचे छोटे पॅच. प्रत्येक बदलाला नवीन रिव्हिजन. प्रत्येक मॉडपुढे ठरवता येतं की हीच नेमकी आवृत्ती हवी की जी सगळ्यात नवीन असेल ती चालेल.

अडलं कुठे

आता पत्ता दिला आणि त्या पत्त्यावरचं घरच पाडलं तर? वॅबाजॅकवाल्यांना हे रोजचंच होतं. लेखकाने नवीन आवृत्ती टाकली, जुनी डिलीट केली, की त्या क्षणापासून ती लिस्ट नव्या माणसाकडे इन्स्टॉल होईना. लेखकाची त्यात काही चूक नाही, तो आपलं पान स्वच्छ ठेवतोय. पण पाचशे फाइल्सच्या लिस्टमध्ये रोज कुठे ना कुठे काहीतरी अपडेट होतंच, मग लिस्टवाला सतत त्यामागे धावत राहणार. आणि नवीन आवृत्ती घालून भागत नाही, कारण नव्या आवृत्तीत रेकॉर्ड बदललेले असू शकतात, मग तुमचा पॅच चुकतो, मग तो पुन्हा तपासा. यात भर म्हणजे कधी कधी लेखक कुणाशी तरी भांडून एका रात्रीत आपले सगळेच मॉड काढून टाकायचे, हे स्कायरिमच्या जगात अनेकदा झालंय.

नेक्ससचं म्हणणं सरळ होतं, लोकांनी भरवशाने वापरावं असं कलेक्शन द्यायचं असेल तर ज्या फाइल्सवर ते उभं आहे त्या नाहीशा होता कामा नयेत. म्हणून डिलीटच्या जागी अर्काइव्ह. चोरलेला माल किंवा नियम मोडणारी गोष्ट असेल तर ती मॉडरेटर काढणारच, पण लेखकाला वाटलं म्हणून फाइल जाणार नाही. डाउनलोड मूळ मॉडच्याच खात्यात मोजले जातील, २०१८ पासून चालू असलेले, लेखकांना मोबदला देणारे डोनेशन पॉइंट्सही त्यावर मिळतील. आणि माझे मॉड कलेक्शनमध्ये घेऊच नका असं सांगायची सोय मात्र नसेल.

शेवटच्या वाक्यावर ठिणगी पडली.

लेखकांचे आक्षेप सगळे एका मापाचे नव्हते आणि ते वेगवेगळे करून बघितले पाहिजेत, नाहीतर "मॉडवाले हट्टी आहेत" एवढंच डोक्यात राहतं, तेव्हा बऱ्याच खेळणाऱ्यांनी तेच डोक्यात ठेवलं.

पहिला आक्षेप संमतीचा. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी फाइल चढवली तेव्हा डिलीट बटण होतं, त्या भरवशावर चढवली. आता नियम बदलला आणि तो जुन्या फाइल्सनाही लागू. महिन्याची मुदत दिली हे खरं, पण निवड काय होती, तर सगळं ठेवा नाहीतर सगळं काढा. ज्या माणसाला आपला एखादाच जुना, लाजिरवाणा वाटणारा मॉड काढायचा होता त्याच्यासाठी ही निवड फार क्रूर होती. आणि हे सगळं कोरी पाटी असलेल्या समाजात घडत नव्हतं. एप्रिल २०१५ मध्ये स्टीम हे गेमचं दुकान चालवणारी व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी स्टीम वर्कशॉपवर स्कायरिमचे पैसे देऊन घ्यायचे मॉड आणले होते, २३ तारखेला सुरू आणि २७ ला बंद, लेखकाचा वाटा २५ टक्के. त्या चार दिवसांत कोण कुणाच्या अॅनिमेशनवर उभा आहे, कुणाची परवानगी घेतली, यावरून मित्र मित्र राहिले नाहीत. आपलं काम फुकट देतो पण त्यावरचा शेवटचा शब्द आपला, ही भावना तेव्हापासून जास्तच घट्ट झाली होती.

दुसरा आक्षेप बिघडलेल्या आवृत्तीचा, आणि तांत्रिक बाजूने मला हाच सगळ्यात वजनदार वाटतो. लेखकाच्या लक्षात आलं की त्याच्या स्क्रिप्टमध्ये चूक आहे, ती सेव्ह गेममध्ये मुरते आणि पन्नास तासांनी सेव्ह खराब होते. तो ती फाइल लगेच काढतो, दुरुस्त केलेली टाकतो. आधी डिलीट म्हणजे विषय संपला. आता ती जुनी फाइल कुठल्या तरी कलेक्शनच्या जुन्या रिव्हिजनमध्ये जिवंत राहते आणि लोकांकडे जात राहते, लेखकाला थांबवता येत नाही. याचं उत्तर नियमात नाही, ते फक्त एकाच माणसाच्या हातात आहे, ज्याने कलेक्शन बनवलं त्याच्या.

तिसरा पैशांचा. कलेक्शन एका क्लिकवर सगळं उतरवून घेणं प्रीमियम खात्याला, फुकट खातं असेल तर प्रत्येक फाइलसाठी वेगळं क्लिक करत बसायचं. लेखक म्हणाले, आमच्या कामावर तुमचं प्रीमियम विकलं जाणार. नेक्ससला सर्व्हर आणि बँडविड्थचा खर्च आहे हे मान्य, टेराबाइटच्या टेराबाइट डेटा फुकट कुणी वाटत नाही, पण हा आक्षेप अगदीच पोकळ होता असं मी म्हणणार नाही.

आणि चौथा, ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं पण माझ्या मते मुळाशी तोच होता. तक्रारींचा. कलेक्शन लावणारा माणूस बऱ्याचदा एकही मॉडचं पान उघडत नाही. त्याला माहीत नसतं की आपल्या गेममध्ये नक्की काय काय आहे. गेममधल्या रिव्हरवूड गावात क्रॅश झाला की तो क्रॅश लॉगमध्ये जे पहिलं नाव दिसेल त्या मॉडच्या पानावर जाऊन लिहितो, तुझा मॉड तुटलाय. लेखक विचारतो, लोड ऑर्डर दे, तर उत्तर येतं की अमुक कलेक्शन लावलंय, मला माहीत नाही. आता तो लेखक, जो नोकरी सांभाळून रात्री मॉड बनवतो, त्याने दुसऱ्याने लावलेल्या चारशे मॉडच्या रचनेतली टक्कर शोधायची का? बऱ्याच लेखकांनी पानावर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं की कलेक्शन वापरत असाल तर इथे विचारू नका, आणि ते उद्धटपणा म्हणून लिहिलेलं नसतं, थकून लिहिलेलं असतं.

नोव्हेंबरमध्ये लागलेली कसोटी

नियम लागू होऊन तीन महिने होतात न होतात तोच ११ नोव्हेंबर २०२१ ला बेथेस्डाने अॅनिव्हर्सरी एडिशन आणली. विकत घ्या न घ्या, स्पेशल एडिशन असलेल्या सगळ्यांचा गेम स्टीमने १.५.९७ वरून १.६.३१७ वर नेला. एक्झी, म्हणजे गेम चालवणारी मुख्य फाइल, नवीन कंपायलरने बनवलेली, आतल्या कोडचे सगळे पत्ते हललेले. एसकेएसई, म्हणजे मॉडना गेमच्या इंजिनात खोलवर जाऊ देणारं टूल, नवीन लागलं आणि त्यावर चालणारा जवळपास प्रत्येक डीएलएलवाला (स्वतःचा कोड इंजिनात घालणारा) मॉड तुटला. नुसतं टेक्स्चर किंवा साधं प्लगइन असलेले मॉड चालत राहिले, पण आजकाल कुठलीही बरी लिस्ट डीएलएलशिवाय उभी राहत नाही, कॅमेरा, लढाई, क्रॅश लॉगर, इंजिनच्या दुरुस्त्या, सगळं तिथेच.

मग लोकांच्या दोन वाटा झाल्या. काही नव्या आवृत्तीवर गेले आणि लेखकांनी डीएलएल पुन्हा कंपाइल करण्याची वाट बघत बसले. बाकीच्यांनी डाउनग्रेडचा पॅचर लावून गेम परत १.५.९७ ला आणला. नव्या गेमच्या डेटा फाइल्स ठेवून फक्त एक्झी जुनी ठेवायची अशीही मधली सोय निघाली. आणि इथे अर्काइव्हचा नियम किती कामाचा आहे ते दिसलं. लेखकाने नव्या गेमसाठी नवीन डीएलएल टाकला आणि जुना पानावरून काढला तरी ज्याची लिस्ट १.५.९७ वर बांधलेली आहे तिला तो जुना डीएलएल मिळू शकत होता. जुन्या नियमात हीच उलथापालथ झाली असती तर कितीतरी लिस्ट तिथेच मेल्या असत्या. जुलैमध्ये विरोधात असलेल्या सगळ्यांचं मत यामुळे बदललं असं नाही, जे गेले ते गेलेच, पण निर्णय बरोबर होता असं मी म्हणतो ते मुख्यतः या नोव्हेंबरमुळे.

याची दुसरी बाजूही तेव्हाच समोर आली. तुम्ही प्रत्येक मॉडची आवृत्ती खिळे ठोकून पक्की केलीत तरी गेमची आवृत्ती तुमच्या हातात नाही. ५ डिसेंबर २०२३ ला पुन्हा तेच झालं, क्रिएशन्स नावाची नवीन दुकानासारखी सोय आणताना गेम १.६.११३० वर गेला, डीएलएल पुन्हा तुटले आणि वर प्लगइनच्या हेडरचा (फाइलच्या सुरुवातीला असलेला आवृत्तीचा) आकडा १.७० वरून १.७१ झाला. नव्या किटने बनवलेला प्लगइन जुन्या गेमवर घातला तर तो नीट वाचला जात नाही, त्यासाठी मागच्या आवृत्त्यांना नवीन हेडर समजावणारा एक छोटा मॉड आला, बीज नावाचा, आणि तो आज १.५.९७ वरच्या बहुतेक लिस्टमध्ये असतो. म्हणजे २०११ चा गेम, पण लिस्ट बनवणाऱ्याला निवांत बसता येत नाही.

मग कलेक्शन बनवणाऱ्याने करायचं काय

मी आमच्या मित्रांच्या ग्रुपसाठी लिस्ट ठेवतो, त्यामुळे हा भाग मला कोरडा नियम म्हणून लिहिता येत नाही.

सगळ्यात आधी गेमची आवृत्ती, कलेक्शनच्या वर्णनात पहिल्या ओळीत, ठळक. १.५.९७ की १.६ ची कुठली, अॅनिव्हर्सरीचं विकत घेतलेलं कंटेंट लागतं की नाही. ते कंटेंट तुम्ही कलेक्शनमध्ये घालू शकत नाही, समोरच्याकडे असलंच पाहिजे, आणि नसेल तर प्लगइनचे मास्टर, म्हणजे ते ज्यांवर टेकलेले आहेत त्या फाइल्स, सापडत नाहीत म्हणून गेम मेनूलाच कोसळतो. स्टीमला आपोआप अपडेट करू देऊ नका हेही तिथेच सांगून टाकायचं.

दुसरं, लिस्ट लहान ठेवायची. हे मी अगदी आग्रहाने सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये बहुतेकांचं खातं फुकटचं आहे, चारशे फाइल्सची लिस्ट म्हणजे चारशे वेळा क्लिक, आणि कुणाकडे सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, कुणाकडे जुना लॅपटॉप. फोरके टेक्स्चरचा डोंगर घालून स्क्रीनशॉट छान येतात पण व्हाइटरनच्या बाजारात एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा आकडा) वीसवर आला की माणूस दोन दिवसांत गेम काढून टाकतो. प्रत्येक मॉड ठेवताना स्वतःला विचारायचं की हा का आहे आणि ते कारण एका ओळीत वर्णनात लिहायचं. कारण लिहिता येत नसेल तर मॉड काढायचा.

स्वतःच्या पॅचमध्ये फक्त रेकॉर्ड असावेत, दुसऱ्याची मेश किंवा टेक्स्चर उचलून घालायची नाही, पानावर परवानगी असल्याशिवाय. डिनडॉलॉडचं आउटपुट द्यायचा मोह होतो, कारण ते काढायला वेळ लागतो आणि नवशिक्याला ते अवघड वाटतं. पण त्यातल्या अॅटलसमध्ये गेमची आणि चार मॉडची टेक्स्चर एकत्र शिजलेली असतात, ती वाटायची परवानगी तुमच्याकडे नसते, आणि समोरच्याने एक झाडांचा मॉड बदलला तरी ते चुकतं. त्यापेक्षा कसं काढायचं त्याच्या पायऱ्या मराठीत लिहून दिल्या तर ग्रुपमधले सगळे स्वतः काढायला लागतात, आमच्याकडे तसंच झालं.

जुन्या रिव्हिजनवर लक्ष ठेवायचं. बिघडलेल्या आवृत्तीबद्दलचा लेखकांचा आक्षेप मी वर वजनदार म्हटला तो यासाठी. मॉडच्या पानावर लेखकाने लिहिलं की जुनी आवृत्ती सेव्ह खराब करते, तर त्याच दिवशी नवीन रिव्हिजन काढायची आणि चालू सेव्हवर अपडेट करता येईल की नवीन गेम सुरू करावा लागेल हे स्पष्ट लिहायचं. आपण ते केलं नाही तर दुसरं कुणी करू शकत नाही, लेखकाच्या हातातलं बटण तर आपल्यासाठीच काढून घेतलंय.

आणि तक्रारी. वर्णनात माझ्या लिस्टच्या दुसऱ्याच ओळीत आहे की काहीही बिघडलं तर आधी मला सांगा, मॉडच्या पानावर जाऊ नका. तक्रार आली की पहिल्यांदा एक्सएडिटमध्ये ती जागा उघडून बघायची, मग वेगळ्या प्रोफाइलमध्ये तो एकटा मॉड आणि त्याला लागणाऱ्या गोष्टी एवढंच ठेवून तेच करून बघायचं. एकट्याने चालला तर गडबड आपल्या रचनेत आहे, लेखकाला त्यात ओढायचं काही कारण नाही. एकट्यानेही बिघडला तरच लेखकाकडे जायचं, आणि जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, गेमची आवृत्ती, मॉडची आवृत्ती, रेकॉर्डचा ओळख क्रमांक म्हणजे फॉर्म आयडी, काय केल्यावर होतं, क्रॅश लॉग, एवढं घेऊन जायचं. आमच्या ग्रुपमधल्या एकाला एका गुहेत फॉलोअर (सोबत चालणारं पात्र) जमिनीखाली अडकायचा, एकट्या मॉडवरही तेच झालं, तर तिथल्या नेव्हमेशचा (पात्रांनी कुठून चालायचं ते ठरवणाऱ्या जाळ्याचा) आयडी काढून लेखकाला पाठवला. त्याने आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त केलं, मग आमची नवीन रिव्हिजन निघाली. कलेक्शन म्हटलं की वैतागणारे लेखक मी बघितलेत, पण अशी तक्रार आली की त्यांच्यातला कुणी रागावलेला अजून तरी बघितला नाही.